काळ्या कापडाची सावली

परवा मुलीनं मोबाईलवर एक जुनी मालिका शोधून दिली. भुतांचं जोडपं माणसांत भाड्यानं राहतं, अशी विनोदी. भुतांना सावली नसते, म्हणून नवरा बाहेर पडताना पायाला काळं कापड बांधतो, आणि घरमालकीण समोर आली की नेमकं ते सुटतं. आठवड्यात मी सगळे भाग दोनदा पाहिले. हसू एकदाही आलं नाही.

मानवतला आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. पुढच्या खोलीत एक शिक्षिका भाड्यानं राहायच्या, एकट्याच. हीच मालिका लागली की आई हाक मारायची, "बाई, या, सुरू व्हायलंय." त्या दाराजवळ पाटावर बसायच्या. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. बातम्या लागल्या की मात्र उठून जायच्या.

एका दुपारी त्या ट्रंक आवरत असताना मी खोलीत शिरले. साड्यांच्या घडीत बुद्धाची तसबीर होती. त्यांनी घाईनं झाकण लावलं आणि माझ्या हातावर चिक्की ठेवली. मी काय समजायचं ते समजले.

त्याच आठवड्यात भुताची सावली भर बाजारात सुटली. आम्ही पोट धरून हसत होतो. हसता हसता मी म्हणाले, "आपल्या बाई बी तसंच करायल्यात! त्यांचा देव ट्रंकेत हाय!"

"कोणता देव?" आईनं विचारलं. मी सांगून टाकलं.

बाई उठल्या. पाट भिंतीला टेकवला आणि खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आईनं त्यांना हाक मारली नाही. त्या शाळेत असताना त्यांचा हंडा भरून ठेवायची, तेही बंद. पंधरा दिवसांत बाईंनी खोली सोडली.

आता प्रत्येक भागात ती घरमालकीण भुताला विचारते, "गाव कोणतं? आडनाव काय?" आणि भूत खोकतं. लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं, की नुसती गंमत होती? की मलाच दिसायलंय? मी भाग मागे घेते, पुन्हा बघते. काही ठरत नाही.

शेवटी आईला फोन लावला. "ती भुतांची मालिका आठवते का गं? तिच्यात दुसराच काही अर्थ होता का?"

ती म्हणाली, "म्या तिला जा म्हन्लं न्हाई. तीच गेली."

मी बाईंचा विषयही काढला नव्हता. आईनं मग जेवलीस का विचारलं. मी हो म्हणाले. जेवले नव्हते.