चादरीमागची ढोलकी

नव्वदच्या दशकात अबूधाबीत आम्हा मराठी बायकांचा वर्षातून एकदा गाण्याचा दिवस असायचा. शुक्रवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी दहा ते चार. भजनं, पाळणे, भोंडल्याची गाणी आणि जेवणानंतर अंगात आलं की लावणीसुद्धा. आम्ही दूर वाळवंटातल्या रुवैस गावच्या बायका अडीच तास बसने यायचो. एरवी आमच्या साड्या बघायला तिकडे होतं तरी कोण? त्यामुळे त्या दिवशी आम्ही दिवाळीपेक्षा जास्त नटायचो.

नियम एकच, हॉलमध्ये पुरुष नको. नवरे बाहेर पार्किंगमध्ये पोरं सांभाळत. अपवाद अर्थातच अध्यक्षीणबाईंच्या नवऱ्याचा, कारण ढोलकी तेच वाजवायचे. पण नियम म्हणजे नियम, म्हणून स्टेजच्या कोपऱ्यात दोरी बांधून तिच्यावर गुलाबाच्या फुलांची डबल बेडची चादर टाकायची आणि भाऊजींना तिच्यामागे बसवायचं. आमच्या लावण्या त्यांनी ऐकल्या तर चालत होतं, फक्त बघायच्या नव्हत्या. शेवटी चादरीखालून त्यांना मानाचा नारळ सरकवायचा. देवालासुद्धा कुणी इतक्या सोवळ्यात ठेवत नाही.

भाऊजींना ठेका एकच यायचा आणि घाई फार. त्यातून शारजात भारताची मॅच असली की पाळणासुद्धा असा पळायचा की बाळ खाली पडावं. आमच्यातल्या एक सत्तरीच्या काकू गोड गायच्या, पण दुसऱ्या कडव्याला त्यांचा दम तुटायचा आणि त्या पाणी मागून खाली बसायच्या. वय झालं, असं सगळ्या म्हणायच्या.

मला ढोलकी येत होती. वडील गावच्या भजनात वाजवायचे. भाऊ शिकायच्या वेळी पळून जायचा, म्हणून त्यांनी मला समोर बसवलं. लग्न झालं आणि ढोलकी माहेरीच राहिली. रुवैसला मी दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यावर हात चालवायचे, तर मुलगी आतून ओरडायची, "मम्मी, प्लीज स्टॉप!"

तीन वर्षं मी अध्यक्षीणबाईंना विचारत होते.

"अगं, बांगड्या फुटतील," त्या म्हणायच्या. "आणि मांडीवर ढोलकी घेऊन बसलेली बाई बरी दिसते का? नेक्स्ट इयर बघू, इन्शाल्ला."

त्यांच्या तोंडचं इन्शाल्ला म्हणजे नाहीच. मी हसून मान हलवायचे आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडायचे. एवढ्याशा गोष्टीसाठी रडते म्हणून स्वतःचाच राग यायचा. पण मला त्या बायकांसाठी वाजवायचं होतं, आणि दुसरं काहीही नको होतं.

चौथ्या वर्षी शारजातली फायनल नेमकी त्याच शुक्रवारी आली. जेवणानंतर भाऊजींना चहा द्यायला मी चादरीमागे गेले, तर ते बूट घालून मागच्या दाराशी उभे.

"वहिनी, वॉचमनच्या रूममध्ये टीव्ही आहे. फक्त दोन ओव्हर. तोवर ठेका धरा ना."

"आणि ताईंना कळलं तर?"

"कसं कळणार? चादर आहे ना!"

त्यांच्या दोन ओव्हर दीड तास चालल्या.

मी बांगड्या कोपराकडे चढवल्या, त्यांच्यावर रुमाल घट्ट बांधला आणि ढोलकी मांडीवर घेतली. मग काकू गायला उठल्या. मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून ठेका संथ धरला. दुसरं कडवं आलं आणि गेलं. तिसरं झालं, चौथं झालं, तरी काकूंनी पाणी मागितलं नाही. चादरीमागे मला रडू फुटत होतं, पण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. नंतरच्या लावणीला तर बायकांनी खुर्च्या बाजूला सारल्या.

शेवटी अध्यक्षीणबाई माइकवर आल्या. "आमच्या ह्यांनी आज कमाल केली की नाही? महिनाभर प्रॅक्टिस करत होते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मागच्या दाराने भाऊजी धापा टाकत आले. तोंड पडलेलं होतं, म्हणजे भारत हरला होता. चादरीखालून नारळ अर्धा आत आला. भाऊजींनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली आणि दुसरा हात नारळाकडे नेला.

मॅच यांची गेली आणि नारळ माझा जाणार! माझं डोकंच फिरलं. रुमाल सोडला आणि त्यांच्या आधी मी चादरीखालून हात बाहेर काढून नारळ धरला. हिरव्या बांगड्या खळखळत मनगटावर उतरल्या. एकही फुटली नव्हती.

अध्यक्षीणबाईंनी नारळ सोडला नव्हता. चादरीशी वाकून त्या कुजबुजल्या, "अगं, सोड. नेक्स्ट इयर तूच वाजव, इन्शाल्ला."

"ताई, आता खलास," मी म्हटलं आणि नारळ ओढला.

त्यांचा तोल गेला, त्यांनी चादरीचा आधार घेतला आणि दोरीसकट चादर खाली आली. मी ढोलकी आणि नारळ कवटाळून बसलेले, शेजारी बूट घातलेले भाऊजी. दोनशे डोळे आमच्यावर.

मग पहिल्या रांगेतून काकू उठल्या. भाऊजींकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"तू होतीस होय?" त्या मला म्हणाल्या. "मला वाटत होतं, माझाच दम संपलाय. वाजव गं अजून एक."

मी नारळ खाली ठेवला आणि ढोलकी पुढे ओढली.