मंगळवारी सापडणारी फाईल

ती घटना मी अजून विसरलेलो नाही. रविवारी सकाळी महाराष्ट्रातला एक तरुण इंजिनिअर तमिळ मुलखातल्या आमच्या पोलीस ठाण्यात फिर्याद घेऊन आला. वेस्ट मांबलम भागातल्या भाड्याच्या खोलीतून त्याची प्रमाणपत्रांची फाईल गेली होती. मोटार कारखान्यातल्या कपातीनंतर तो आणि त्याचा खोलीमित्र दोघेही कित्येक महिने बेकार होते. आता याला नोकरी लागली होती. सोमवारी मूळ प्रमाणपत्रं दाखवून रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

पंचनाम्यात कुलूप शाबूत, लॅपटॉप आणि पाकीट जागेवर. भुरटा चोर इतका सोवळा कधीपासून झाला? वॉचमननेही हळूच सांगितलं, "बाहेरचं कुणी वर गेलंच नाही, सर."

खोलीमित्राला बोलावून इंग्रजीत जबाब घेतला. गडी बिलंदर! काही केल्या बधेना. मी त्याला बाकावर बसवून चहा दिला. तिथे त्याने घरी फोन लावला आणि खुशाल मराठीत सुरू झाला. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच, पण बोलण्याचा हेल तमिळ. त्याला काय कल्पना!

"आई, पुरे कर त्याचं कौतुक! फाईल कुठे जातेय? सापडेल मंगळवारी. बोल तू, इथे कुणाला मराठी कळत नाही."

मी समोर उभा राहिलो. "तंबी," तमिळमध्ये धाकट्या भावाला मारतात तशी हाक मारून मी मराठीत म्हणालो, "मंगळवारपर्यंत कशाला थांबायचं? आजच काढ की."

पोरगा पांढराफटक पडला. फाईल इस्त्रीवाल्याकडे, त्याच्याच कपड्यांच्या गठ्ठ्यात निघाली.

"मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क आहेत, साहेब," तो रडत म्हणाला. "तोही बेकार होता तोवर मला झोप लागायची. त्याला नोकरी लागली आणि माझा नुसता जळफळाट झाला."

फिर्यादीने गुन्हा नोंदवू दिला नाही. फाईल छातीशी धरून तो निघाला.

खोलीत झालेल्या चोरीत त्यानंतर मी पहिल्यांदा हेच विचारायचो, की इथे कुणाची नोकरी गेली आणि कुणाला लागली? बेकारी माणसाचा पगार नेते हे मला ठाऊक होतं. ती जिवाभावाचा मित्रही नेते, हे मी त्या दिवशी पाहिलं. फिर्यादी दारापर्यंत पोहोचला, तेव्हा मागून डोळे पुसत तो खोलीमित्र म्हणाला, "अरे, तिथे अजून एखादी जागा असेल तर बघशील?"

फिर्यादी थांबला, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.