पॅम्फ्लेटमधलं सातवं ठिकाण

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी खाली 'काका, तुम्ही फार भोळे दिसता' असं लिहायला नको. या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. बंगळूरला कॉटनपेटमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चिंच होती. तिच्यावर 'मुनी', म्हणजे आपल्याकडचा मुंजाच, बसतो म्हणून लोक चपला काढून पुढे जायचे. मी त्याच चिंचेखाली अकरा वर्षं स्कूटर लावली... का, तर सावली चांगली. मुनीने एकदा पंक्चरसुद्धा केलं नाही.

तरीही हे लिहितोय. आई असेपर्यंत लिहावंसं वाटलं नाही. गेल्या वर्षी ती गेली, आणि आता हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय.

आम्ही चार पिढ्यांचे बंगळूरवाले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण झालं की दोन्ही. माझ्या नाना काकांची बळेपेटेत एका भांड्यांच्या दुकानावर छोटीशी टूर एजन्सी होती. दोन टेबलं, एक फोन, नाना आणि मी. गोष्ट साधारण '९४-९५ची. जुनी मराठी घरं आमच्याकडून कोल्हापूर-तुळजापूर करायची. पण तेव्हा पुण्या-मुंबईहून बदली होऊन येणारी नवी मंडळी वाढायला लागली होती, आणि त्यांचा एकच प्रश्न, "इथून समुद्र कुठे जवळ आहे हो? गोवा सोडून, शांत?"

नानांनी ते मनावर घेतलं. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर फिरून आले आणि एक गाव ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी मिनीबस निघणार, शनिवार-रविवार तिथे, सोमवारी सकाळी परत. गावाचं नाव इथे देत नाही, कारण तुम्ही लोक शोधायला जाल. पण नानांनी ते नाव उच्चारलं तेव्हा माझ्या हातातलं पेन थांबलं.

कारण ते नाव मी दहा वर्षांपूर्वी वाचलं होतं. एका पत्रात.

माझी थोरली बहीण सुमन, आम्ही तिला अक्का म्हणायचो. बी.एस्सी., बी.एड. तिने कुणाला न सांगता त्या गावच्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेसाठी अर्ज केला होता. आमच्या वडिलांना, अप्पांना, कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. फक्त मला सांगितलं होतं. समुद्राच्या गावी राहायचं, पोरांना शिकवायचं, हे तिचं वेड. मी तेव्हा सतरा वर्षांचा, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आणि गणितात ढ. रोज संध्याकाळी अक्काच मला शिकवायची. परीक्षेला महिना राहिला असताना पोस्टमनने ते पत्र माझ्या हातात दिलं. मी ते उघडलं. तिला नोकरी लागली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

मी ते पत्र वहीत ठेवलं. म्हटलं, परीक्षा झाली की देऊ. मुदत वगैरे काही डोक्यात शिरलंच नाही, किंवा शिरलं होतं आणि मी शिरू दिलं नाही. परीक्षा झाली, मुदत टळली, मग देऊन काय सांगणार? फाडून गटारात टाकलं. अक्काला वाटलं आपली निवड झाली नाही. आईने लग्नाचा धोशा लावला, तिने हो म्हटलं. बंगळूरजवळच होसकोट्याला दिली. तिसऱ्या वर्षी काविळीने गेली.

मला गणितात एकोणसत्तर मिळाले होते.

त्यानंतर आई एकच वाक्य बोलायची. भाजी निवडताना, देवापुढे, कुणी भेटायला आलं की त्यांच्यासमोर... "मीच घाई केली. मीच तिला होसकोट्याला ढकलली." सात वर्षं मी हे ऐकलं. एक शब्द बोललो असतो तर तिच्या डोक्यावरचं ते ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं, म्हणूनच बोललो नाही. भेकड म्हणा, हवं ते म्हणा, मी स्वतःला रोज म्हणत होतो.

असो. नानांनी मला पॅम्फ्लेट लिहायला सांगितलं. बघण्याची ठिकाणं त्यांनीच दिली: किनारा, दीपगृह (वेळ चार ते साडेपाच), खाडीतून होडीची सफर, टेकडीवरचं देऊळ, पडका किल्ला, आणि सकाळचा मासळीबाजार, 'शाकाहारी मंडळींनी हवं तर लांबूनच पाहावा'. मी तोवर समुद्र पाहिलेलाही नव्हता. मराठी टाइप असलेला एकच प्रेस आम्हाला माहीत होता. तिथला कंपोझिटर म्हणाला, "सार, खाली स्वल्प जागा उरली. चार ओळी द्या, नाहीतर मी कमळाचं फूल टाकतो."

मी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं: '७) खाडीच्या तोंडाशी सुरूच्या झाडांखाली एक ताई बसतात. लहान मुलांना वाळूवर गणितं शिकवतात. पालकांनी निर्धास्त राहावे.'

का लिहिलं, विचारू नका. कमळ नको होतं एवढं खरं. तिथे अशी कुणी बाई नाही हे मला माहीत होतं. कुणी तक्रार केलीच तर 'आज आल्या नसतील' म्हणू, असं ठरवलं होतं.

पहिली गाडी परत आली त्या मंगळवारी कुलकर्णी बाई लेकीला घेऊन ऑफिसात आल्या. पुण्याच्या, नवऱ्याची इथल्या कारखान्यात बदली झालेली. मी मनात 'आज आल्या नसतील'ची तयारी केली. त्या म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक, गाडीच्या सीटा बदला. पण तुमच्या त्या ताई म्हणजे... अहो, आमच्या अश्विनीला भागाकार म्हटलं की रडू यायचं. दीड तासात शिकवला त्यांनी. डावखुऱ्या आहेत ना?"

अक्का डावखुरी होती. पॅम्फ्लेटमध्ये ते नव्हतं.

मी म्हटलं, असेल. जगात डावखुऱ्या बायका काय कमी आहेत? गावातली कुणी शिक्षिका सुट्टीच्या दिवशी बसत असेल, योगायोग. मग मी अश्विनीला विचारलं, काय शिकवलं ताईंनी? नऊ वर्षांची पोर घडाघडा बोलली, "बाकी उरली ना, की पाहुणा आला म्हणायचं. पाहुण्याला हाकलायचं नाही. त्याला बाजूला पाटावर बसवायचं आणि पुढचा आकडा खाली बोलवायचा."

हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. अक्काने ते माझ्यासाठी तयार केलं होतं, मी आठवीत असताना. मी उठून खाली भांड्यांच्या दुकानात जाऊन पाणी प्यायलो. दुकानदार विचारत होता, "काय झालं, अण्णा?" मी आणखी एक पेला पाणी मागितलं.

पुढच्या गाडीला मी स्वतः गेलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि खरं सांगतो, त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. सकाळी सातला सुरूच्या झाडांखाली जाऊन बसलो. दुपारी दोनपर्यंत बसलो. कुणी नाही. लॉजवरच्या बाईंनी जेवायला बोलावणं धाडलं, मी अर्ध्या तासात जेवून आलो, तर आमच्याच गाडीतलं एक जोडपं तिथून परत येताना भेटलं. "अहो, आत्ता तर होत्या. मुलाला अपूर्णांक सांगितले. आत्ताच गेल्या." वाळूवर मुलाच्या पावलांचे ठसे होते, दोन-चार आकडे होते, त्यावर भरतीचं पाणी येत होतं. मी त्या बनात इकडून तिकडे धावलो. रविवारी पुन्हा तेच झालं. मी होतो तोवर कुणी नाही, मी होडीवाल्याशी बोलायला वळलो तेवढ्यात म्हणे त्या येऊन गेल्या.

गावात विचारलं. लॉजवाल्या बाई म्हणाल्या, "तुमच्याच गाडीतले लोक सांगतात. आमच्यातल्या कुणी पाहिली नाही."

मी आणखी तीन वेळा गेलो. चारही वेळा इतरांना भेटली. मला नाही.

आईला मी यातलं काही बोललो नव्हतो. पण कुलकर्णी बाई हळदीकुंकवाला घरी आल्या आणि सगळं बोलून मोकळ्या झाल्या. डावखुरी, उंच, बोलताना मान जरा तिरकी, पाहुण्याची गोष्ट. आई कुंकवाची कोयरी हातात धरून ऐकत राहिली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "रघू, पुढच्या गाडीत माझी जागा ठेव."

"आई, तुला एवढा प्रवास झेपणार नाही. आणि तिथे कुणी नाहीये, मी चारदा जाऊन आलोय."

"चारदा?" ती म्हणाली. "मला न सांगता?"

जागा ठेवली. मी गेलो नाही. नानांना सांगितलं, ऑफिसात काम आहे. काम कसलं, भीती वाटत होती. आई तिथे रिकाम्या झाडांखाली बसेल आणि परत येऊन आणखी खचेल, ही एक भीती. आणि ती रिकामी परत येणार नाही, ही दुसरी.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास आई आली. हात-पाय धुतले, उप्पीट केलं, मला वाढलं आणि समोर बसली. चेहरा इतका शांत की मला धडकी भरली.

"भेटली," ती म्हणाली. "शेजारी बसले. आधी पोरांचं आवरू दे म्हणाली, म्हणून थांबले. मग बोललो."

मी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"तिला तिथे नोकरी लागली होती म्हणे, रे. पत्र आलं होतं. हेडमास्तरांनी खाली हाताने लिहिलं होतं, राहायची सोय शाळेच्या मागच्या खोलीत होईल, खोलीला खिडकी पश्चिमेला आहे. पण ते पत्र तिच्यापर्यंत पोचलंच नाही."

आता नीट वाचा. ती हाताने लिहिलेली ओळ अक्काने जन्मात पाहिली नव्हती. ती फक्त मी वाचली होती. अप्पांना नाही, नानांना नाही, लग्न झाल्यावर माझ्या बायकोलाही मी कधी सांगितली नाही. पश्चिमेची खिडकी हे शब्द दहा वर्षं माझ्या एकट्याच्या डोक्यात होते.

"कुणी अडवलं ते सांगितलं तिने?" मी विचारलं.

"नाही. मी विचारलंही नाही." आई माझ्याकडे बघत होती. "तू सांग."

सांगितलं. परीक्षा, वही, गटार, सगळं. बोलताना मी रडत होतो. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, ताटावर बसून. आईने सगळं ऐकून घेतलं, उठली, आणि माझ्या कानशिलात एक ठेवून दिली. लहानपणीसुद्धा तिने कधी हात उचलला नव्हता. मग म्हणाली, "सात वर्षं मला जाळलंस." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला मात्र वाढायची.

पण 'मीच घाई केली' हे वाक्य त्या दिवसानंतर आमच्या घरात कुणी ऐकलं नाही. आई पुन्हा झोपायला लागली, शेजारणींशी हसायला लागली. माझ्याशीही हळूहळू बोलायला लागली. माफ केलं असं तोंडाने कधी म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही, मागायला तोंड नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी ती गाडीने जायची आणि ताजी होऊन परत यायची. काय बोलणं झालं ते सांगायची नाही. मायलेकींचं बोलणं, ते माझ्यापर्यंत का यावं?

मी खूप डोकं चालवलं आहे. गावातली कुणी बाई असेल, आईने कुठूनतरी पत्राचं ऐकलं असेल, शाळेतल्या कुणी सांगितलं असेल... नंतर मी त्या शाळेत जाऊन आलो. त्या काळचे हेडमास्तर वारले होते, कुणाला काही आठवत नव्हतं. आणि बाकी सगळं जुळवलं तरी तो पाहुणा कुठेच बसत नाही. माझ्याकडे खुलासा नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन, पटेलच असं नाही.

एकच सांगायचं राहिलं. एका शुक्रवारी आई निघाली होती आणि मीही बॅग भरून गाडीशी उभा होतो. पाचव्यांदा. निघायला दहा मिनिटं होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आई, ती माझ्याबद्दल कधी काही विचारते?"

"नाही."

"मग मी काय करू? मला एकदा तिची माफी तरी मागू दे. मलाच का भेटत नाही ती?"

आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, लहान मुलाची समजूत काढावी तशी बोलली. "ती तुझ्यासाठी तिथे आलेली नाही, रघू. माझ्यासाठीही नाही. तिला त्या गावात राहून पोरांना शिकवायचं होतं, ती शिकवतेय. तू गेलास की तिला उठून जावं लागतं. आता तरी तिच्या आड येऊ नकोस."

ड्रायव्हर गाडीच्या टपावर सामान बांधत होता. मी त्याला माझी बॅग खाली द्यायला सांगितली.