मरणाला नकोसं नाव

बालाघाटच्या कोर्टात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा बाविशीचा होतो. शिकलो गोंदियाला, गाव सीमेवरचं. खोलीशेजारी मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती बाई एकट्याच राहत. मूळच्या विदर्भातल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मला मराठी वाचता येतं हे कळलं आणि संध्याकाळी आपला धर्मग्रंथ वाचून दाखवायला त्यांनी बोलावलं. कामाशिवाय माझ्याशी बोलणारं त्या शहरात कोणीच नव्हतं. गेलो.

मला वाटलं, गोष्टी असतील. बाईंना हव्या होत्या वंशावळी. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. पानंच्या पानं नावं. माझी जीभ अडखळायची. बाई मधेच थांबवून हिब्रू नावाचा अर्थ सांगत. नोहा म्हणजे विसावा. पेलेग म्हणजे वाटणी. "यादी वाटते ना? पण प्रत्येक नाव कोणीतरी बाळाकडं बघून ठेवलंय," म्हणायच्या.

एकदा याबेसचं नाव आलं. बाळंतपणात फार वेदना झाल्या म्हणून त्याच्या आईनं ते ठेवलं होतं. मला पुढं वाचवेना.

"बाई, माह्या नावाचा अर्थ उकिरडा हाये," मी म्हणालो. "आफिसात हासतात. शपथपत्र लिहून ठेवलं हाये. नाव बदलवून राह्यलो."

"आईला विचारलंस, का ठेवलं ते?"

विचारलं नव्हतं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा वस्तीतल्या बऱ्याच पोरांची नावं बदलली. मी शिकायला बाहेर होतो, माझं राहून गेलं. रविवारी गावी गेलो. आई अंगणात धान पाखडत होती.

"तिघं गेले तुह्या आधी," ती म्हणाली. "तू झाला तं तुले उकिरड्यावर ठेवलं, मंग उचलून घरात आनलं. मरनानं म्हनावं, हा तं कचरा हाये, याले काय न्याचं." तिनं सुपात आणखी धान घेतलं. मग ती म्हणाली, "बदलव आता. इसरलं असन मरन तुले."

हे बाईंना सांगायचं म्हणून स्टेशनावरून थेट त्यांच्याकडे गेलो. दाराला कुलूप होतं. घरमालक म्हणाला, "भतीजा आया था, नागपूर ले गया." पत्ता त्यालाही ठाऊक नव्हता.

नाव मी बदललं. नव्या नावानं हाक मारतील असे माझे कोणी तिथं नव्हते. आई जुन्याच नावानं हाक मारायची. तीही पुढच्या वर्षी गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी कोर्टातला नवा चपराशी सहज बोलून गेला. नागपूरहून एक पोस्टकार्ड आलं होतं, कसल्याशा विचित्र नावावर. "हमने कह दिया, इस नाम का यहाँ कोई नहीं." पोस्टमननं ते परत नेलं होतं.

मी त्याला विचारलं, पाठवणाऱ्याचा पत्ता होता का? त्यानं पाहिला नव्हता.