आतोबांची नापास पेटी

शिकणाऱ्याला ओळखून शिकवणारं जगातलं पहिलं यंत्र चिखलीत जन्मलं, हे माझं ठाम मत आहे. आणि ते आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, एका मोडक्या कपाटातून घडवलं. हल्ली नातवंडं संगणक दाखवून म्हणतात, "बघा आजोबा, आपण चुकलो की हा धडाच बदलतो." मी म्हणतो, अरे हट! महाराष्ट्र राज्य नुकतं कुठे झालं होतं, तेव्हा आमच्याकडे हे सायकलच्या घंटीवर आणि टॉर्चच्या बल्बांवर चालत होतं. कपाटाच्या दारावर गणित, खाली चार उत्तरांची चार बटणं. बरोबर बटण दाबलं की घंटी वाजे. चुकीचं दाबलं की आतल्या एका खणात दिवा लागे आणि त्या खणात नेमका त्या चुकीवरचा सोपा धडा निघे. तो करून पुन्हा गणितापुढे यायचं. शाळेतले बाकीचे मास्तर साऱ्या चुका एकाच छडीवर भागवत. आतोबा गणिताचेच मास्तर, पण त्यांना ते अडाणीपणाचं वाटे.

खण भरायचे तर चुका हव्यात, म्हणून आतोबा चुका गोळा करत. "बरोबर उत्तर साऱ्यायचं एकच असते बे," ते मला सांगत, "चूक मात्र ज्याची त्याची." भाजीवालीने अपूर्णांकात काही नवीनच घोळ घातला की हे तिथेच फतकल मारून बसत, आणि बुलढाण्याची एसटी खुशाल निघून जाई. माझ्या चुलत बहिणीला बघायला आलेल्या मुलालाही यांनी पोहे खाताना त्रैराशिक घातलं. तो असा काही अफलातून चुकला की आतोबांनी उठून त्याला मिठीच मारली. पाहुण्यांना वाटलं, पसंती झाली! पुढे लग्न झालं, संसारही झकास झाला, तो भाग वेगळा.

या घरात एकच माणूस कधी चुकत नसे, ती म्हणजे आत्या. कारण ती नवऱ्यापुढे गणित करतच नसे. तिला सातवीची परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं होतं. भाषा, इतिहास सगळं तोंडपाठ. पण हिशेब आला की ही आपली चुलीपुढे. नवऱ्यासमोर चुकायचं नाही, हा तिचा बाणा होता.

अशात बुलढाण्याहून शिक्षण खात्याचे साहेब ही शिकवणारी पेटी पारखायला घरी आले. त्यांनी पसंत केली तर तालुक्यातल्या शाळांना अशा पेट्या मिळणार होत्या. आतोबांच्या शाळेतली मुलं पटापट घंट्या वाजवू लागली तसे साहेब हसले. "मास्तर, ही तुम्ही पढवलेली मुलं. या पेटीपुढे कधीच न बसलेलं कुणी आणा." तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. आतोबा म्हणाले, "ही बसन!" आत्याचा चेहरा उतरला. चहाचा ट्रे माझ्या हाती देताना ती पुटपुटली, "इथं हसं झालं तं मी परीक्षेले बसत नाही, सांगून ठेवते."

गणित साधं होतं. सत्तर किलो आणि पन्नास किलो कापूस, मिळून किती क्विंटल, किती किलो? आत्याने बोटांच्या पेरांवर पाहिलं, चारही बटणं वाचली, आणि घाबरून भलतंच दाबलं. दिवा लागला. खणातली बेरीज तिने चुटकीसरशी केली. पुन्हा गणित, पुन्हा भलतं बटण, पुन्हा तोच खण! साहेबांनी घड्याळ पाहिलं. आत्या डोळ्याला पदर लावून उठली.

"थांब वं," आतोबा आडवे आले. "बटण राहू दे. तुह्या मनात काय आलं होतं?"

"तीन क्विंटल. पण ते तिथं नाहीच."

"तीन काऊन?"

"चाळीस झाले का एक हातचा. आमच्या अडतीवर तसंच होतं."

माझ्या आजोबांची बाजारात धान्याची अडत होती. तिथे चाळीस शेरांचा मण मोजत आत्या वाढलेली. शंभर किलोंचा क्विंटल आला, तरी तिचा हातचा चाळीसालाच येत होता. साहेब खो खो हसले. आतोबा हसले नाहीत. त्यांनी भर बैठकीत बायकोला हात जोडले. "जिल्हाभर चुका येचत फिरलो अन् घरातलीच राह्यली. साहेब, लिहा. पेटी नापास. बाई नाही."

साहेबांनी खरंच तसं लिहिलं. एकाही शाळेला पेटी मिळाली नाही. मी चिडलो, तर आतोबा म्हणाले, "खरं हाय ते. लिहू दे." आणि दुसऱ्या दिवशी ते आत्याच्या चुकीसाठी पाचवं बटण बसवायला लागले. इतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आत्या रोज त्या पेटीपुढे बसू लागली, नवऱ्यादेखत मनसोक्त चुकू लागली, आणि सातवी पास झाली.

नेमणूक मिळाली ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरकडच्या एका खेड्यात. आतोबांची शाळा चिखलीत. एसटी सुटताना आत्या खिडकीतून सांगत होती, "भाकरी झाकून ठेवल्या हायत. उद्यापासून तुमचं तुमी पाहा." आतोबा मान डोलवत होते. गाडी वळणाआड गेली तरी ते हलेनात. मी म्हटलं, "चला आतोबा, घरी."

"जाऊ ना," ते म्हणाले, "पण घरी आता कोण हाय बे?"