बाबांचा पलटणीतला नंबर

बाबा जिवंत असताना लढाईबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर मात्र जो भेटेल तो एक किस्सा माझ्या हातात ठेवून जायला लागला. मी शोधत होते एक साधा सरकारी कागद. कागद मिळेपर्यंत किश्शांनीच माझी वही भरली!

कागदाचं खूळ निघालं बाबांच्या वर्षश्राद्धाला. भाईंदरजवळच्या आमच्या गोडदेवच्या घरात पंगत बसलेली. बाबांचे चुलत भाऊ पांडूकाका, जिभेला हाड नसलेला माणूस, सहावा वडा तोंडात टाकत म्हणाले, "कसली लढाई नि कसलं काय! धर्मा लढाईवरना पलून आल्ता. पोलीस आल्ते घरी, मी बगितलंय!"

आई वाढत होती. पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "तू पोस्टात हाय ना? सरकारला लिव. मना कागूद पायजे. तुजा बापूस पललेला न्हाय, असा कागूद."

आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्याच दिवशी कामाला लागले.

* * *

आधी गेले उत्तनला, इनासकाकांकडे, बाबांच्या पलटणीची माहिती विचारायला. उत्तनचे कोळी मासे खारवायला आमच्या आगरातलं मीठ न्यायचे, त्यातून इनासकाका आणि बाबांची दोस्ती. दुसऱ्या महायुद्धात दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत.

"तुझा बापूस पहिल्या रजेला घरी आला ना," इनासकाका म्हणाले, "तर अख्खं गोडदेव बूट बघायला बंधाऱ्यावर उभं! तोवर गावात बूट घातलाय कोणी? आणि हा आला अनवाणी! बूट गळ्यात, नाड्यांची गाठ मारून!"

"का?"

"का म्हणजे? स्टेशनापासून घरापर्यंत सगळी मिठागरं. खारट चिखलाने चामडं जातं. सरकारी वस्तू खराब करायची नाही, असं साहेबानं सांगितलेलं!"

घराच्या पायरीशी येऊन बाबांनी पाय धुतले, पुसले, बूट चढवले आणि ऐटीत उंबरठ्याशी उभे राहिले. माझी आजी आतून ओरडली, "मेल्या, घरात पायताणं घालून येतंस?"

झालं! बूट पुन्हा गळ्यात.

* * *

इनासकाकांकडचा हा दुसरा किस्सा. पलटण तेव्हा आसामच्या जंगलात, ब्रह्मदेशाच्या वेशीवर. पावसाने रस्ता तुटलेला. आठ दिवस आळणी डाळ चालली होती. एकदाची रसद आली, त्यात मिठाचं पोतं. बाबांनी एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "इनास, हे आपल्याच आगरातलं! भाईंदरचं मीठ हाय!"

मग काय विचारता! पंजाबी, मद्रासी, गुरखे, सगळ्यांना एकेक खडा वाटला, प्रसादासारखा. "मेरे गाँव का है, खाओ!" डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हे वाटतायत.

"खरंच आपलं होतं?" मी विचारलं.

इनासकाका हसले. "पोत्यावर कराचीचा शिक्का होता. मला वाचता येत होतं, त्याला नव्हतं. मी कशाला बोलू?"

मला तिथेच रडू फुटलं. इनासकाकांनी चहा पुढे केला.

* * *

पलटणीची एक सवय मात्र बाबांना जन्माची चिकटली. सकाळच्या हजेरीला नाव पुकारलं की छाती काढून ओरडायचं, "हाजिर, साब!" नंतर घरीही तेच. कोणी "धर्मा!" म्हणालं की आपोआप तोंडातून निघायचं. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, गाढ झोपेतसुद्धा!

माझ्या लग्नात मंडप भरलेला. गुरुजींनी संकल्पात बाबांचं नाव घेतलं. बाबा पाटावरून ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि "हाजिर, साब!" बँडवाले वाजवायचे थांबले. नवरदेव दचकून उभा राहिला!

सासरी मला अजून "हाजिर साबांची मुलगी" म्हणतात.

* * *

पत्रं लिहिण्यात माझा हात कोण धरणार! तीन पानी अर्ज लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला धाडला. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. फौजी नंबर कळवा.

मी आईला विचारलं. ती उखडलीच माझ्यावर. "नंबर? अगं, जल्मात कदी नाव घेतलं न्हाय मी त्यांचं, आनि नंबर कुटला घेऊ!"

खरंच होतं ते. आईने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही. मतदारयादीवाला आला की शेजारणीला हाक मारायची, "ये गं, सांग याला!"

शेवटी नंबर सापडला तांदळात! बाबांची लढाईतली पत्र्याची पेटी आम्ही तांदूळ ठेवायला वापरत होतो. वरचा हिरवा रंग सुरीने खरवडला, तर खाली पांढऱ्या अक्षरांत नंबर. माझ्या आयुष्यातला निम्मा भात त्या नंबराखालून निघाला होता!

* * *

आता पांडूकाकांच्या पोलिसांचा किस्सा. हा आमच्याकडे सगळ्यांना पाठ, कारण यात मी आहे, पाच दिवसांची!

बाबा माझ्या जन्माच्या तोंडावर रजेवर येऊन गेले होते. रजा संपल्यावर अख्ख्या गावाने त्यांना बंधाऱ्यावरून निरोप दिला. मी जन्मले त्यानंतर. माझ्या पाचवीच्या दिवशी दारात मिलिटरीची जीप! पुरुष सगळे आगरात, आजी पूजेच्या सामानाला बाजारात. घरात आई एकटी, मांडीवर मी.

साहेबाच्या चिठ्ठीवर नंबर आणि आडनाव, बस. ते आडनाव अर्ध्या गोडदेवचं. साहेबाने विचारलं, "तुम्हारे आदमी का नाम बोलो." आई गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा साहेब ओरडला, मी किंचाळले, तरी आई गप्पच. शेवटी साहेब आपल्या माणसाला म्हणाला, "लिखो, औरत गूँगी है," आणि जीप गेली.

पलटणीच्या कागदांत काहीतरी घोळ झाला असणार आणि आई रिवाजापायी गप्प बसली, असं आम्ही सांगायचो आणि पोट धरून हसायचो. पांडूकाकांनी तेवढी लांबून जीप बघितली होती.

* * *

अखेर कागद आला. आईने अख्खी आळी बोलावली. पांडूकाकांना तर मुद्दाम पुढे, खुर्चीत बसवलं. नवं लुगडं नेसून बाबांच्या फोटोखाली बसली. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले. चार वर्षं नोकरी. आसामच्या आघाडीवर. दोन पदकं. वर्तणूक अतिशय चांगली. सन्मानाने निरोप.

पांडूकाका उठले, फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "चुकलो रं, धर्मा." मग आईच्या पाया पडले. पेढे वाटले. मी कागद घडी करून पटकन पर्समध्ये टाकला.

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "एक ओळ गिललीस ना गं?"

मी पर्स जवळ ओढली. "कुठली ओळ?"

"नऊ दिवसांची. लिवली न्हाय का त्यांनी?"

लिहिली होती. रजेवरून परतण्यास नऊ दिवस उशीर, स्वतः हजर झाला. पण हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि आईला तर मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं!

"आई, तुला कसं माहीत?"

आईने पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"तुजं तोंड बगितल्याबिगर जायाचा न्हवता तुजा बापूस. अर्ध्या वाटंवरना मागं फिरला. साहेब दारात, आनि हा वर माल्यावर, लाकडांच्या मागं! मी काय रिवाजासाटी गप बसले व्हय? अगं, नाव घेतलं असतं, तर वरना लगेच आलं असतं, 'हाजिर, साब!'"