ताईच्या पेशी

रक्ताच्या कॅन्सरवर थोरल्या ताईच्या स्टेम सेल, म्हणजे तिच्या रक्तातून काढलेल्या मूळ पेशी, मला चढवल्या, त्याला दोनेक महिने झाले असतील. मी वसईच्या फ्लॅटवर परतलो होतो. निभावलं, असं वाटत असतानाच पोट बिघडलं. हिरवट पाणी, पोटात पीळ. संडासातून खाटेपर्यंत यायला भिंत धरावी लागे.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लंत?"

बाहेरचं म्हणजे फक्त ताईची पेज. ताई जवळच, होळी गावात दिलेली. वाडीला पाणी सोडून सकाळी डबा घेऊन यायची. बायकोने तिला तोंडावरच विचारलं, "वन्सं, पाणी उकळलं होतं ना?"

"उकळलेलंच पानी होतं गो," ताई म्हणाली आणि डबा पिशवीत घालून निघून गेली. मध्ये पडायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

मुंबईच्या इस्पितळात पुन्हा दाखल झालो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "एक तर विषाणू असेल, नाहीतर बहिणीच्या पेशी तुमच्या आतड्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडल्यात. त्रास सारखाच, औषधं मात्र उलटी. पेशींना आवरायला स्टिरॉइड दिलं आणि निघाला विषाणू, तर तो माजेल. दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय ठरवता येणार नाही."

रक्त वाहू नये म्हणून आधी प्लेटलेट्स चढवल्या, मग दुर्बीण, मग रिपोर्टची वाट. मरणाची भीतीही उरली नव्हती. कुणी कूस बदलायला सांगू नये, एवढंच वाटे.

विषाणू निघाला नाही. भेटीला आलेली ताई ते ऐकून खाली बघत राहिली.

"म्हंजे माज्यामुलंच," ती म्हणाली. "पेजेनं नाय, तर रक्तानं."

"लहानपणी काय कमी बदडलंस मला?" मी म्हणालो. ती हसली नाही.

बायको उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. "वन्सं, तुमच्या पेशी नसत्या तर हे आज असते का? पेजेचं मी उगाच बोलले."

तेव्हा कुठे ताई रडली.

स्टिरॉइडने जुलाब हळूहळू आवरले. तोंड सुजलं, हात थरथरायचे, झोप गेली ती गेलीच. घरी आल्यावरही कित्येक महिने मऊ भातावर काढले. अजूनही पोट जरा गुरगुरलं की घरात सगळे माझ्याकडे बघतात. बायको विचारते, "डॉक्टरांना फोन करू?"

"थांब," मी म्हणतो, "जरा पडू दे."